व्हीलचेअरचा पल्ला : माहितीपत्रकातला आणि रस्त्यावरचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेताना काय पाहावं, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. हा विषय सहसा कोणी हाती घेत नाही, म्हणून आधी आभार. बैठकीची रुंदी, वळायला लागणारी जागा, पायटेकू, खुर्ची गाडीत चढवता येते का, हे सगळं लेखात नीट आलं आहे. पल्ल्याबद्दल मात्र एकच वाक्य आहे : 'एकदा चार्ज केली की ३० किलोमीटर.' हा आकडा माहितीपत्रकातून उचलून तसाच छापलेला दिसतो. त्या एका वाक्यावर विसंबून कोणीतरी घरापासून पंधरा किलोमीटर दूर जाईल आणि परतीच्या वाटेवर अडकेल, या काळजीने हे पत्र लिहिते आहे.

नोकरीची सगळी वर्षं मी विजेचे मीटर तपासण्यात घालवली. मीटरवरचा आकडा आणि प्रत्यक्षातला वापर यांचा मेळ बसत नसेल तर तफावत कुठे आहे ते शोधायचं, हे माझं काम. लहानपणी पोलिओ झाला होता. आधी कुबड्या, मग हाताने चालवायची खुर्ची, असं बरीच वर्षं निभावलं. खांदे थकले तेव्हा इलेक्ट्रिक खुर्ची घेतली. विकणाऱ्यानेही मला 'तीस किलोमीटर' असंच सांगितलं होतं. कोणत्या रस्त्यावर, किती वजनाला, बॅटरी किती जुनी असताना, असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग ते उत्तर मी स्वतः शोधायला घेतलं.

माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, हे आधीच सांगते. तो काढण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. आयएसओ ७१७६ या मानकमालिकेचा चौथा भाग फक्त यासाठी आहे. खुर्चीवर ठरावीक वजन ठेवतात, सपाट आणि कडक पृष्ठभागावर दोन्ही दिशांनी फेऱ्या मारतात, तेवढ्या अंतराला बॅटरीतून किती अँपिअर-तास (बॅटरीतून गेलेल्या विजेचं माप) गेले ते मोजतात. मग बॅटरीच्या क्षमतेला त्या वापराने भागायचं, की पल्ला हाती येतो. बॅटरी संपेपर्यंत खुर्ची कोणी चालवून पाहत नाही. मानक स्वतःच या आकड्याला सैद्धांतिक अंतर म्हणतं. दोन खुर्च्यांची एकमेकींशी तुलना करायला ही पद्धत चांगली आहे. पण त्या चाचणीत चढ नाही, वारा नाही, थंडी नाही, गवत नाही, जुनी बॅटरी नाही. आपल्या रोजच्या वाटेवर यातलं काही ना काही असतंच.

आता खुर्चीला वीज कशासाठी लागते ते पाहू. माझी खुर्ची बॅटरीसह शंभर किलोची, मी आणि माझी पिशवी मिळून पंचाहत्तर. म्हणजे चाकांवर १७५ किलो. गुळगुळीत, कडक जमिनीवर एवढं वजन नुसतं लोटत ठेवायला साधारण ३५ न्यूटन जोर लागतो. एक किलोमीटरला हे काम दहा वॉट-तासांच्या आसपास भरतं (हजार वॉट-तास म्हणजे बिलातलं एक युनिट). मोटर, गिअर आणि मोटरला हवी तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर मिळून जवळपास निम्मी ऊर्जा उष्णतेत घालवतात, म्हणून बॅटरीतून वीसेक वॉट-तास जातात. त्यात दर वेळी थांबून पुन्हा निघणं येतं. जागच्या जागी वळताना पुढची छोटी चाकं घासत फिरवावी लागतात, त्याची वीज वेगळी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या खुर्च्यांचे ब्रेक वीज नसताना लागलेले असतात, त्यामुळे खुर्ची चालू असेपर्यंत ते मोकळे धरून ठेवायलाही वीज जात राहते. म्हणून गोगलगायीच्या गतीने गेलं की पल्ला खूप वाढेल, ही समजूत बरोबर नाही. सपाटीवर वेग थोडा कमी केल्याने फारसं काही वाचत नाही. वाचतं ते एकसारखं चालल्याने, जॉयस्टिकला सारखे झटके न दिल्याने.

चढाचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा करून पाहावा. पन्नास मीटरला एक मीटर चढणारा रस्ता डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसतो. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण १७५ किलोला तेवढ्या चढावर वर नेण्यासाठी आणखी सुमारे ३५ न्यूटन लागतात, म्हणजे सपाटीवर लागतात तेवढेच पुन्हा. न दिसणारा चढ, आणि मोटरवरचा भार दुप्पट. बाराला एक अशा नेहमीच्या रॅम्पवर जोर पाचपट होतो. तरी मला काळजी वाटते ती रॅम्पची नव्हे. एक मजला चढवणारा रॅम्प बॅटरीतून जेमतेम तीन-चार वॉट-तास घेतो, शंभरेक मीटर सपाट चालल्यासारखं. पल्ला खातो तो किलोमीटरभर चालणारा, कोणाच्या लक्षात न येणारा लांबट चढ. आपल्या नेहमीच्या वाटेवर असा चढ कुठे आहे, हे खुर्ची वापरणाऱ्याला पाठ हवं. उतारावर बरेच कंट्रोलर थोडी वीज बॅटरीत परत घालतात हे खरं, पण चढताना गेलेल्याच्या मानाने ती इतकी कमी असते की मी ती हिशेबात धरतच नाही.

वाऱ्याचंही असंच. शांत हवेत ताशी सहा किलोमीटर वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो, एक-दोन न्यूटन. पण ताशी तीस किलोमीटरचा वारा समोरून आला तर बसलेल्या माणसावर चाळीस-पंचेचाळीस न्यूटन जोर येतो, चाकांच्या अडथळ्याहूनही जास्त. मोकळ्या मैदानालगतच्या किंवा पुलावरच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गवत, सैल खडी, वाळू, जाड गालिचा यांवर वापर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. टायरमधली हवा कमी असली तर कडक रस्ताही मऊ रस्त्यासारखा वागतो. हवा भरायचे टायर असतील तर टायरवर लिहिलेला दाब ठरलेल्या वारी तपासावा. पल्ला वाढवायचा याहून सोपा आणि बिनखर्चाचा उपाय मला माहीत नाही. पुढच्या चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, तेही काढत राहावेत.

वजनाबद्दल लोक उगाच धास्तावतात. बसणारा दहा किलोने जड असला तर एकूण वजनात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो, सपाटीवरचा पल्लाही साधारण तेवढाच घटतो. पाठीमागे लटकवलेल्या पिशवीने पल्ल्याचं फारसं बिघडत नाही. तिने तोल मात्र बिघडतो, विशेषतः चढावर, म्हणून जड सामान मागे उंचावर लटकवू नये.

इथपर्यंत वापराचं झालं. पण पल्ल्याची खरी फसगत बॅटरीत आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. माझ्या बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या, म्हणजे शिसं आणि आम्ल असलेल्या; त्यांच्यावर ४० अँपिअर-तास लिहिलं आहे. २४ गुणिले ४० म्हणजे ९६० वॉट-तास, जवळपास एक युनिट वीज. ऐकायला भरपूर वाटतं. पण बॅटरीवर छापलेली क्षमता अनेकदा वीस तासांच्या हिशेबाची असते, म्हणजे हळूहळू, दोन अँपिअरने वीस तास वीज काढली तर मिळणारी. खुर्ची इतक्या संथपणे वीज घेत नाही. रोजच्या संमिश्र वाटेवर तिला सरासरी दहा अँपिअर लागतात, चढावर पंचवीसही. लेड-ॲसिड बॅटरीतून वीज जितक्या जोरात काढावी तितकी एकूण कमी मिळते. व्हिल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं. ते सूत्र सव्वाशे वर्षं जुनं आहे, तरी माहितीपत्रकं वाचणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. जेल किंवा एजीएम प्रकारच्या बंद लेड-ॲसिड बॅटरीत वीस तासांच्या क्षमतेपैकी पाच तासांच्या हिशेबाने साधारण ८५ टक्के हाती लागते. लिथियममध्ये ही घट फारच कमी असते, हा तिचा मोठा गुण.

दुसरी गोष्ट वयाची. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायला झाली, असं मानायची रीत आहे. म्हणजे बदलायच्या आधीच्या दिवसांत आपण वीस टक्के कमी बॅटरीवर हिंडत असतो, आणि खुर्ची सुरू होतच असते म्हणून ते कळत नाही. तिसरी गोष्ट, लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत उपसली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ८० टक्क्यांहून जास्त वापरायचीच नाही, म्हणजे वीस टक्के नेहमी शिल्लक ठेवायचे. रोज निम्म्यावरच थांबता आलं तर बॅटरी आणखी कितीतरी टिकते. चौथी गोष्ट थंडी. शून्य अंशाजवळ लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या मानाने सुमारे ८० टक्केच वीज देते. थंड प्रदेशात जाणाऱ्या किंवा राहणाऱ्या मंडळींनी हा हिशेब वेगळा करावा, आणि खुर्ची रात्री उघड्यावर ठेवू नये.

आता हे सगळे टक्के एकमेकांवर चढवून पाहा. ९६० वॉट-तासांचे ८५ टक्के म्हणजे ८१६. तीस किलोमीटरचा आकडा यातूनच आलेला दिसतो : किलोमीटरला सत्तावीस वॉट-तास, चाचणीच्या सपाट जमिनीवर, शेवटच्या थेंबापर्यंत. माझ्या वाटेवर किलोमीटरला ४० लागतात. नव्या बॅटरीचे वीस टक्के राखून ठेवले तर वापरायला ६५० वॉट-तास राहिले, म्हणजे सोळा किलोमीटर. बॅटरी वयाने ८० टक्क्यांवर आली की ५२० वॉट-तास, तेरा किलोमीटर. कडाक्याच्या थंडीत दहा. तीसचे दहा होताना वाटेत कोणीही खोटं बोललेलं नाही. म्हणूनच हा प्रश्न 'कंपन्या फसवतात' असं म्हणून सुटत नाही. आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे ते त्याच्या शेजारीच छापलेलं हवं, एवढं साधं मागणं आहे.

किलोमीटरला ४० हे मला कुठून कळलं, ते सांगते. घरी कोणालाही करता येईल अशी ही पद्धत आहे, आणि माझ्या अनुभवात याहून भरवशाची दुसरी नाही. भिंतीतला सॉकेट आणि खुर्चीचा चार्जर यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमीटर मिळतो. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, दिवा हिरवा होईपर्यंत. मग आपल्या नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या सामानासह पाचेक किलोमीटर जाऊन या. परत आल्यावर मीटर शून्यावर आणून पुन्हा पूर्ण चार्ज करा. दिवा हिरवा झाला की लगेच आकडा वाचा, कारण चार्जर नंतरही थोडी थोडी वीज घेत राहतो आणि ती खुर्चीच्या खाती पडते. लेड-ॲसिडमध्ये भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश मोटरच्या कामी येते, उरलेली चार्जरमध्ये आणि बॅटरीतच जाते. मीटरने ०.३० युनिट दाखवलं, म्हणजे ३०० वॉट-तास. त्यातले २०० बॅटरीतून वापरले गेले. पाच किलोमीटरला दोनशे, एकाला चाळीस. लिथियम असेल तर दोन तृतीयांशऐवजी चार पंचमांश धरा.

अंतरही नीट मोजायला हवं. फोनमधला नकाशा घरात, इमारतींच्या आत आणि अरुंद गल्ल्यांत भरकटतो. मी चाकाला सायकलचा मीटर बसवला आहे, लोहचुंबकाचा, साधा. त्यात चाकाचा परीघ भरावा लागतो. तो पट्टीने चाक मोजून काढू नये. टायरवर खडूची खूण करावी, आपण खुर्चीत बसलेलं असताना चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि जमिनीवर उमटलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजावं. वजनाने टायर दबतो आणि परीघ बदलतो. फरक थोडा असतो, पण मोजायचंच तर नीट मोजावं.

घरातल्या घरात किती फिरणं होतं हेही या मीटरमुळे कळलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दार उघडायला जाणं, परत येणं. घरातलं अंतर लहान असतं, पण ते सगळं वळणांचं आणि थांबण्याचं असतं, त्यामुळे तेवढ्याच अंतराला बाहेरच्यापेक्षा जास्त वीज घेतं. दुपारी बाहेर पडणाऱ्याने सकाळपासून घरात झालेलं फिरणं वजा करूनच निघावं. खुर्चीची पाठ मागे झुकवणं, बैठक उचलणं यांनाही थोडी वीज लागते, तिची मला चिंता वाटत नाही. पण ज्यांचं श्वसनयंत्र खुर्चीच्याच बॅटरीवर चालतं, त्यांनी त्या यंत्राची तासाची वीज आधी बाजूला काढावी आणि उरलेल्यावर पल्ला धरावा. त्यांच्या बाबतीत चूक परवडणारी नाही.

पट्ट्यांच्या दिव्यांवर, म्हणजे बॅटरी दाखवणाऱ्या खुणांवर, किती विश्वास ठेवावा? बहुतेक साध्या खुर्च्यांत त्या पट्ट्या व्होल्टेज पाहून ठरतात, आणि व्होल्टेज भार पडला की खाली जातं. एका परतीच्या वाटेवर नेहमीची लिफ्ट बंद निघाली. रॅम्प इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होता. त्या वळशाने मी चढावर आले तेव्हा पट्ट्या सरसर उतरून लालवर आल्या आणि खुर्ची रांगायला लागली. बरोबर भाची होती, ती घाबरली. मी वर सपाटीला येऊन खुर्ची बंद केली आणि दहा मिनिटं थांबले. पुन्हा सुरू केली तेव्हा दम खाल्लेल्या माणसासारखी बॅटरी सावरली होती, दोन पट्ट्या परत आल्या होत्या. या परतलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवून लांब जाऊ नये, सपाट वाटेने जवळची सुरक्षित जागा गाठावी. पट्ट्या खऱ्या वाचायच्या असतील तर खुर्ची काही तास उभी राहिल्यावर वाचा. २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड जोडीला विश्रांतीनंतर साडेपंचवीस व्होल्टच्या वर असेल तर ती भरलेली, साडेचोवीसच्या जरा खाली आली की निम्मी, साडेतेवीसवर आली की संपल्यात जमा. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा मोठा आकडा वरवरचा असतो, तो थोड्याच वेळात उतरतो.

लिथियमच्या खुर्च्या हलक्या असतात आणि बॅटरी जास्त उपसू देतात, हे चांगलंच आहे. पण तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं. त्यामुळे व्होल्टेजवर चालणाऱ्या पट्ट्या तिथे जवळपास निरुपयोगी ठरतात, आत गेलेली-बाहेर आलेली वीज मोजणारा दर्शकच हवा. लेड-ॲसिडची खुर्ची थांबण्याआधी मंदावून इशारा देते. लिथियमची बॅटरी स्वतःला वाचवण्यासाठी एकदम तोडते, खुर्ची जिथे असेल तिथे उभी राहते. रस्ता ओलांडताना हे झालं तर काय, याचा विचार विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून करायला हवा.

इलेक्ट्रिक खुर्ची बंद पडणं आणि सायकल पंक्चर होणं यांत फार अंतर आहे. खुर्ची शंभर किलोची, वर माणूस. वाटेवरचे भले लोक पुढे येतात, ढकलू पाहतात, आणि ती हलत नाही, कारण ब्रेक लागलेले असतात. मोटरपाशी एक खटका असतो, तो फिरवला की चाकं मोकळी होतात. पण मग ब्रेकही उरत नाही. उतारावर तो खटका कधीही सोडू नये, आणि सपाटीवरही खुर्ची कोणीतरी घट्ट धरल्याशिवाय नाही. तो खटका कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आणि सोबत येणाऱ्याला दाखवून ठेवावं. माझ्या भाचीला तो आता अंधारातही सापडतो.

पल्ला म्हणजे जाणं अधिक येणं, हे सांगायची गरज नसावी, पण माहितीपत्रकात परतीचा विचार कुठेच नसतो. तेरा किलोमीटरच्या खुर्चीने घरापासून साडेसहा किलोमीटर गाठायचे नाहीत. मी चार-साडेचारच्या पलीकडे जात नाही, कारण बंद लिफ्ट, खणलेला पदपथ, उतार न काढलेला कठडा यांपैकी काहीतरी भेटतंच. चालणाऱ्याला जिथे दोन पायऱ्यांचं काम, तिथे मला मागे फिरून शेवटचा उतार गाठावा लागतो. नकाशावरचं अंतर हे पायऱ्या चढू शकणाऱ्याचं अंतर असतं. शक्य असेल तर चढ जाताना घ्यावा आणि उतार परतीला ठेवावा. थकलेली बॅटरी चढावर लवकर मान टाकते, सपाटीवर तीच बॅटरी घरी पोचवते.

बॅटरी रात्री पूर्ण चार्ज करावी, थोडीच वापरली असली तरी. लेड-ॲसिड अर्धवट रिकामी पडून राहिली की आतून खराब होते. शेवटचा टप्पा भरायला फार वेळ घेतो, म्हणून 'ऐंशी टक्के झाली, काढा' असं करू नये. बदलायची तर दोन्ही एकदम बदलावी. एक नवी आणि एक जुनी जोडली की पल्ला जुनीच ठरवते.

मोजायला बसावं ते बॅटरी नवी असतानाच. तेव्हाचा किलोमीटरचा वापर वहीत लिहून ठेवला की पुढे काही महिन्यांनी त्याच वाटेवर पुन्हा मोजता येतो. मीटरवरचा वापर तोच आहे आणि पट्ट्या मात्र लवकर उतरतात, तर बॅटरी म्हातारी झाली. वापरच वाढला असेल तर टायर, बेअरिंग किंवा ब्रेक पाहावा. दोन्ही दुखण्यांचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच, 'पल्ला कमी झाला'. पण एकाला नवी बॅटरी लागते आणि दुसऱ्याला कदाचित नुसता पंप. हा फरक कळला नाही म्हणून चांगल्या बॅटऱ्या बदलून टाकलेली माणसं मला माहीत आहेत. ज्यांच्या हातात मीटर धरण्याएवढीही ताकद नाही, त्यांच्यासाठी ही मोजणी दुकानातच खुर्ची ताब्यात देताना करून द्यायला हवी, बसणाऱ्याच्या वजनाला, बाहेरच्या खऱ्या रस्त्यावर. तासाभराचं काम आहे.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी कोणत्याही इलेक्ट्रिक व्हीलचेअरबद्दल लिहाल तेव्हा किलोमीटरच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी विक्रेत्याला विचारून छापाव्यात : बॅटरीची क्षमता पाच तासांच्या हिशेबाने किती, चाचणीत किलोमीटरला किती वॉट-तास लागले, आणि ती चाचणी किती वजनावर झाली. विक्रेत्याला माहीत नसेल तर 'माहिती मिळाली नाही' असं छापावं. आपल्या लेखात ज्या खुर्च्यांची नावं आली आहेत त्यांच्या बाबतीतही हे विचारून पुढच्या अंकात देता आलं तर ज्यांनी तो लेख कापून ठेवला आहे त्यांच्या उपयोगी पडेल. आकडे माझ्याकडे पाठवलेत तर बेरीज-भागाकार मी आनंदाने तपासून देईन.

आपली,
एक नियमित वाचक
(वीजमीटर तपासणीच्या नोकरीतून निवृत्त)